हॉकीचा लिलाव आणि गावचे मैदान



कुरवंड्याचा माणूस पुण्याला निघाला, की तो आधी लोणावळ्यात येतो आणि तिथे लोकल धरतो. मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव अशी स्टेशने मागे टाकीत गाडी पिंपरीला पोहोचते आणि पुढे थोड्याच वेळात खडकीला. ही दोन नावे आपण रोज ऐकतो. पण हॉकी या खेळाच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहेत. खडकीने देशाला एक थोर खेळाडू दिला. पिंपरीने पुण्याच्या नावाचा एक व्यावसायिक हॉकी संघ पाहिला, आणि तो नाहीसा झालेलाही पाहिला. खेळाडूचे नाव आजही निघते. संघाचे नाव विचारले तर दहांतले नऊ जण माना हलवतील. असे का झाले, आणि त्यात गावांतील शाळांनी घेण्यासारखे काय आहे, याविषयी आज मला आपल्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथम ही 'लीग' म्हणजे काय ते पाहू. गावच्या स्पर्धा बहुधा बाद पद्धतीच्या असतात. एकदा हरलात की गाशा गुंडाळायचा आणि घरी जायचे. लीग म्हणजे साखळी. तिच्यात संघ हरला तरी त्याचे पुढचे सामने उरतात, आणि शेवटी गुणांची बेरीज पाहून वरचे संघ निवडतात. व्यावसायिक लीग म्हणजे जिच्यात खेळणाऱ्याला खेळण्याबद्दलच मोबदला मिळतो ती.

पूर्वी आपल्याकडे असे नव्हते. चांगला हॉकीपटू दिसला, की रेल्वे, पोलीस, सैन्य, बँक किंवा एखादा कारखाना त्याला नोकरी देई. पगार नोकरीचा आणि नाव खेळाचे, असा तो व्यवहार होता. मुंबईच्या आगाखान चषकासारख्या जुन्या स्पर्धा अशाच संघांनी गाजविल्या. त्या व्यवस्थेचे गुण होते. खेळाडूचे गुडघे थकले, तरी घरातली चूल पेटती राही. आजही कित्येक हॉकीपटूंचे घर अशा नोकरीवरच चालते.

लीगमध्ये मात्र लिलाव असतो. लिलाव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बाजार समितीतला कांदा येतो. आडत्याने पुकारा करायचा, व्यापाऱ्यांनी सवाल वाढवीत न्यायचा. इथेही तसेच चालते. फरक इतकाच, की माणूस विकला जात नाही, त्याचा खेळ करारावर घेतला जातो. २०२४ च्या ऑक्टोबरात हॉकी इंडिया लीगचा असा लिलाव झाला. पुरुषांचे आठ संघ होते आणि स्त्रियांचे चार. प्रत्येक पुरुष संघाला चार कोटी रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा होती, स्त्रियांच्या संघाला दोन कोटींपर्यंत. खेळाडूंची मूळ बोली दोन, पाच किंवा दहा लाखांपासून सुरू होई. भारताचा कर्णधार हरमनप्रीत सिंग याच्यावर अठ्ठ्याहत्तर लाखांची बोली थांबली, आणि स्त्रियांमध्ये उदिता हिच्यावर बत्तीस लाखांची. हे आकडे मी मुद्दाम सांगतो आहे. कारण ते ऐकून पालकांच्या मनात काय येते, याचा विचार आपल्याला पुढे करावयाचा आहे.

आता जरा मागे जाऊ. अशा लीगचा आपल्या देशातला पहिला मोठा प्रयत्न २००५ साली झाला. प्रीमियर हॉकी लीग हे तिचे नाव. तिच्यात 'मराठा वॉरियर्स' या नावाचा संघ होता आणि त्यात धनराज पिल्ले खेळत असे. हा धनराज खडकीचा. १९६८ साली त्याचा जन्म झाला. दारूगोळ्याच्या कारखान्याच्या वसाहतीत तो वाढला. मोडक्या स्टिका बांधून-जोडून त्याने खेळाचे पहिले धडे गिरविले. पुढे मुंबईत महिंद्र कंपनीच्या संघात गेला. चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक स्पर्धा खेळला. १९९८ साली बँकॉकला आशियाई खेळांत भारताने सुवर्णपदक मिळविले, तेव्हा संघाचा कर्णधार तोच होता. म्हणजे लीग आली तेव्हा धनराज घडून चुकला होता. लीगने धनराज घडविला नाही. धनराजसारख्यांच्या नावावर लीग उभी राहिली. हा क्रम आपण लक्षात ठेवावा.

त्या लीगने एक चांगली गोष्ट केली. सामन्याचे दोन अर्धे न करता चार भाग केले, म्हणजे खेळ वेगवान होतो आणि पाहणाराही कंटाळत नाही. पुढे २०१४ साली जागतिक संघटनेनेही आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग स्वीकारले. एवढे करूनही ती लीग २००८ नंतर भरली नाही.

मग २०१२ साली वर्ल्ड सिरीज हॉकी आली. आठ संघ होते. त्यांत मुंबईचा 'मुंबई मरीन्स' आणि आपल्या पुण्याचा 'पुणे स्ट्रायकर्स'. पुण्याच्या संघाचे घरचे मैदान म्हणजे पिंपरीच्या नेहरूनगरातले मेजर ध्यानचंद स्टेडियम. हा संघ थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला. २ एप्रिल २०१२ रोजी मुंबईत चर्चगेटजवळच्या हॉकी मैदानावर त्याची गाठ शेर-ए-पंजाबशी पडली आणि तो पाच विरुद्ध दोन गोलांनी हरला. हरला म्हणून काही बिघडत नाही. पहिल्याच वर्षी अंतिम सामना गाठणे ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. पण मौज अशी, की दुसरे वर्ष उजाडलेच नाही. देशातल्या दोन हॉकी संघटनांचा वाद होता, जागतिक संघटनेची या स्पर्धेला मान्यता नव्हती. आणि एका हंगामातच सारा मांडव उतरला. मांडवाबरोबर पुण्याचा संघही गेला.

त्यानंतर २०१३ साली हॉकी इंडिया लीग सुरू झाली. हिला मान्यता होती, परदेशांतले नामांकित खेळाडूही आले. मुंबईचा संघ पहिली दोन वर्षे 'मुंबई मॅजिशियन्स' नावाने खेळला. पहिल्या वर्षी तो सर्वांत शेवटी राहिला. २०१५ पासून 'दबंग मुंबई' हा संघ आला आणि २०१७ साली त्याने अंतिम सामना गाठला. तिथे त्याला कलिंग लान्सर्सने हरविले. त्यानंतर ही लीगही सात वर्षे बंद पडली. २८ डिसेंबर २०२४ रोजी ती पुन्हा सुरू झाली, पुरुषांचे सामने राउरकेल्याला आणि प्रथमच स्त्रियांची स्वतंत्र लीग रांचीला. त्या हंगामाच्या आठ आणि चार अशा बारा संघांत महाराष्ट्राच्या नावाचा एकही संघ नव्हता.

मंडळी, मराठा वॉरियर्स, मुंबई मरीन्स, पुणे स्ट्रायकर्स, मुंबई मॅजिशियन्स, दबंग मुंबई ही पाच नावे बारा-तेरा वर्षांत आली आणि गेली. हे संघ पैशाने उभे राहिले आणि पैसा हलला तसे हलले. त्यांना दोष देऊन काय मिळणार? पीक का वाळले हे पाहावयाचे असेल, तर पानांकडे न बघता मुळांशी उकरून बघावे लागते.

याच काळात कबड्डीची व्यावसायिक लीग २०१४ साली सुरू झाली. तिच्यात पुण्याचा 'पुणेरी पलटण' संघ पहिल्या वर्षापासून आहे, आणि मार्च २०२४ मध्ये त्याने अजिंक्यपदही पटकाविले. कबड्डीचा संघ टिकला आणि हॉकीचा गेला, याचे कारण काय? पैसा दोन्हीकडे होता. पण कबड्डी आपल्या गावोगाव आधीच होती. चढाई म्हणजे काय, पकड म्हणजे काय, हे मावळातल्या आजीबाईंनाही सांगावे लागत नाही. लीग आली तेव्हा प्रेक्षक तयार होता, आणि खेळाडूही. हॉकी मात्र आपल्याकडे छावण्यांत, रेल्वेच्या वसाहतींत, काही मिशनच्या शाळांत आणि मुंबईच्या कचेऱ्यांच्या संघांत राहिली. खडकीत होती; खडकीपासून लोकलच्या अंतरावर असलेल्या खेड्यात पोहोचली नाही. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम हिरवळ आली. ती घालावयाची म्हणजे कोटींचा खर्च. त्यामुळे हा खेळ आणखीच शहराच्या कुंपणाआड गेला.

याच्या उलट ओरिसाचा सुंदरगढ जिल्हा आणि झारखंडचा सिमडेगा जिल्हा बघा. तिथे डोंगरातल्या आदिवासी गावांत हॉकीच्या स्पर्धा होतात आणि जिंकणाऱ्या संघाला बक्षीस मिळतो बोकड! आपल्या जत्रेत जसा कुस्तीला नारळापासून चांदीच्या गदेपर्यंत इनाम असतो, तसाच हा प्रकार. मैदान मुरुमाचे, पायांत बूट असले तर असले, स्टिक कित्येकदा घरीच तासलेल्या बांबूची. जिंकल्यावर त्याच रात्री सारा गाव जेवतो. भारताचा माजी कर्णधार दिलीप तिर्की सुंदरगढचा आणि सलिमा टेटे सिमडेग्याची. नंतर तिथे सरकारने लक्ष घातले, राउरकेल्याला वीस हजारांवर प्रेक्षक मावतील असे स्टेडियम २०२३ च्या विश्वचषकासाठी बांधले. पण बोकड आधी आला, स्टेडियम मागाहून. म्हणूनच लीगने पुन्हा उभे राहताना घर शोधले, ते राउरकेला आणि रांची इथे.

हे ऐकून कुणी म्हणेल, "गुरुजी, मग आपले काही खरे नाही." असे मुळीच नाही. आता सांगतो ते नीट ऐका.

२६ जानेवारी २०२५ रोजी रांचीला स्त्रियांच्या पहिल्या लीगचा अंतिम सामना झाला. ओरिसा वॉरियर्स विरुद्ध सूरमा. ओरिसाने तो दोन विरुद्ध एक असा जिंकला. विजेत्या संघाचे दोन्ही गोल एकाच मुलीने केले. तिचे नाव ऋतुजा दादासो पिसाळ. ही आपल्या सातारा जिल्ह्यातली. म्हणजे देशातल्या स्त्रियांच्या पहिल्या व्यावसायिक हॉकी लीगचा चषक एका मराठी मुलीच्या स्टिकने जिंकून दिला, आणि तो गेला ओरिसाच्या नावावर. यात रुसण्यासारखे काही नाही. ज्याने तिला आपल्या संघात घेतले त्याचा तो चषक. पण विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. संघ आपल्याकडे नाही, खेळाडू आहे.

आणि ती एकटी नाही. त्याच जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यात आसू नावाचे गाव आहे. तिथली वैष्णवी फाळके ही शेतकऱ्याची मुलगी. २०२३ च्या आशियाई खेळांत कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात ती होती. त्याच तालुक्यातल्या वाखरीची अक्षता ढेकळे, तीही शेतकऱ्याचीच लेक, भारताकडून खेळली. या दोघी शासनाच्या पुण्यातल्या क्रीडा प्रबोधिनीत शिकल्या. फलटण तालुक्यात काही छावणी नाही, की मुंबईच्या कंपन्या नाहीत. तिथल्या माळावर जे पिकले ते मावळच्या घाटमाथ्यावर पिकणार नाही, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

आता शिक्षकबंधूंच्या आणि भगिनींच्या शंकांकडे वळतो. पहिली शंका मैदानाची. कुरवंड्यासारख्या गावात सपाट जागा थोडी, आणि पाऊस तर असा की चार महिने मैदानाचा चिखल. शंका रास्त आहे. पण लीगचा हंगाम कोणता? डिसेंबर आणि जानेवारी. आपल्याकडे याच दिवसांत भातकापणी आटोपलेली असते, खाचरे मोकळी असतात. मळणीसाठी खळे कसे करावयाचे हे मावळातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. धसकटे काढायची, पाणी मारायचे, चोपून जमीन घट्ट करायची. त्याच कसबाने एखादे मोठे खाचर किंवा शाळेपुढचे पटांगण तयार केले, तर चेंडू छान घरंगळतो. दोन खाचरांमधला बांध फोडा असे मात्र मी सांगत नाही, नाहीतर हॉकी राहील बाजूला आणि भाऊबंदकीच उभी राहील!

दुसरी शंका, एवढे मोठे मैदान आणि अकरा-अकरा मुले आणावयाची कोठून? त्यालाही आता उत्तर आहे. पाच-पाच खेळाडूंच्या हॉकीला जागतिक संघटनेची मान्यता आहे. तिचे मैदान पूर्ण मैदानाच्या जवळजवळ निम्म्या लांबीचे असते. जानेवारी २०२४ मध्ये मस्कतला तिची विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या मुली अंतिम सामन्यात नेदरलँड्सकडून हरल्या आणि दुसऱ्या आल्या. त्या सामन्यात भारताचे जे दोन गोल झाले, त्यांतला एक याच ऋतुजा पिसाळचा होता. तेव्हा पाच जणांची हॉकी म्हणजे काही पोरखेळ नव्हे. चौथी ते सातवीची दहा मुले-मुली जमली, की सामना उभा राहिला.

तिसरी शंका साहित्याची आणि इजेची. हॉकीचा खरा चेंडू दगडासारखा टणक असतो. तो लहान मुलांच्या हाती पहिल्या दिवशी देऊ नये. रबराचा किंवा टेनिसचा चेंडू घ्यावा. आठ-दहा स्टिका गावातून वर्गणी काढून घेता येतील. शिकवताना तीन गोष्टी आधी पक्क्या करून घ्याव्यात. चेंडू स्टिकच्या सपाट बाजूनेच मारावयाचा, गोल बाजू लावावयाची नाही. चेंडूला पाय लावावयाचा नाही. आणि स्टिक डोक्यावर गरगरवावयाची नाही. या तीन गोष्टी मुलांच्या अंगवळणी पडल्या, की निम्मी दुखापत टळली आणि निम्मा खेळ आला. विटीदांडू खेळलेल्या मुलाची नजर आणि मनगट आधीच तयार असते, त्यामुळे त्याला हॉकी परकी वाटत नाही.

आणखी एक सुचवितो. कुरवंड्याच्या शेजारीच आय. एन. एस. शिवाजी ही नौदलाची तांत्रिक शिक्षणाची संस्था १९४५ पासून आहे. सैन्यदलांत हॉकी जुनी आणि जिव्हाळ्याची. मुख्याध्यापकांनी तिथल्या अधिकाऱ्यांना एक साधे पत्र लिहावे. वर्षातून एखाद्या रविवारी आमच्या मुलांना दोन तास खेळ दाखवाल का, असे विचारावे. नाही म्हणाले, तर एका कागदाचे नुकसान. हो म्हणाले, तर वीस मुलांचा फायदा. त्याखेरीज शासनाच्या शालेय स्पर्धांत हॉकीही असते. जिल्हा क्रीडा कार्यालयातून तिचे वेळापत्रक मागवून घ्यावे.

आता पालकांशी थोडेसे. अठ्ठ्याहत्तर लाख, बत्तीस लाख हे आकडे आपण ऐकले. ते खोटे नाहीत. पण ते शेंड्यावरच्या आंब्यासारखे आहेत. दिसतात सर्वांना, हाती येतात एखाद्याच्याच. पुष्कळांचा करार दोन-पाच लाखांवर होतो, पुष्कळांची बोलीच लागत नाही. आणि लीग किती भरवशाची, हे पाच संघांच्या कथेवरून आपल्या लक्षात आलेच आहे. म्हणून पोराला किंवा पोरीला खेळात घालताना लिलाव डोळ्यांपुढे ठेवू नका. शिक्षण सुटू देऊ नका. बारावी किंवा पदवी झालेल्या खेळाडूपुढे रेल्वे, पोलीस, सैन्य यांची दारे असतात. लीग बंद पडली तरी ती दारे बंद होत नाहीत. लीग मिळाली तर दिवाळी, पण रोजची भाकरी नोकरीची, असा हिशेब ठेवावा.

आणि एक शब्द मुलींच्या आईबापांना. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलगी प्रबोधिनीत निवडली गेली, की घरात प्रश्न उभा राहतो: परक्या गावी, वसतिगृहात पाठवायची कशी? वाटणारी काळजी खरी आहे, तिला हसू नये. आधी आपण जाऊन वसतिगृह पाहावे, तिथल्या बाईंशी बोलावे, शाळेची सोय विचारावी. आणि मग समाधान झाले तर मुलीचा पाय ओढू नये. आसूच्या आणि वाखरीच्या घरांतही हा प्रश्न आलाच असेल. तिथल्या आईबापांनी मुली पाठविल्या, म्हणून आज त्यांची नावे मी आपल्याला सांगू शकलो.

महाराष्ट्राच्या नावाचा संघ पुन्हा लीगमध्ये येईल का? कदाचित येईल. एखादा धनवंत पुढे झाला, तर एका वर्षातही येईल. पण तो टिकेल का, हे त्या धनवंताच्या हाती नाही. ज्या दिवशी मावळ तालुक्यातल्या दहा शाळा आपसांत हॉकीची साखळी खेळू लागतील, आणि अंतिम सामन्याला गावकरी बांधावर बसून "अरे, पाय लागला, पाय लागला!" म्हणून पंचाशी वाद घालतील, त्या दिवसापासून आपला संघ टिकू लागेल. प्रेक्षकाला नियम कळू लागणे, हीच लीगची खरी ठेव.

तेव्हा गुरुजनांना माझी एवढीच विनंती, की यंदाची भातकापणी झाली की खाचराच्या मालकाला भेटावे, दहा मुले गोळा करावीत आणि एक चेंडू टाकावा. आणि बक्षिसाला बोकड परवडत नसेल, तर कोंबडा चालेल.